शेवटच्या नळावरची चाचणी

श्रीनिवासराव मुळे कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी तिची परीक्षा घ्यायचे, आणि त्या परीक्षेत वस्तूपेक्षा दुकानदाराचाच जास्त घाम निघायचा. पंखा घ्यायचा तर तो दुकानातच अर्धी दुपार फिरवून पाहायचे. कुकर घ्यायचा तर घरून डाळ-तांदूळ नेऊन, दुकानदाराच्या शेगडीवर शिटी काढून मगच पिशवीत घालायचे. लेकीला, म्हणजे स्वरालीला, मंदारचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी त्या मुलाला लाइट गेलेली असताना मुद्दाम चहाला बोलावलं होतं. अंधारात माणसाचा खरा स्वभाव कळतो, असं त्यांचं म्हणणं. मुलगा न कुरकुरता कंदिलाची काच पुसत बसला आणि पास झाला.

मी त्यांच्याच गल्लीत राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे गल्ली मला बाई म्हणते आणि माझं थोडंफार ऐकते. श्रीनिवासराव मात्र कुणाचंच ऐकायचे नाहीत. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून, धरणातल्या पाण्याचे आकडे लिहून लिहून त्यांची बोटं वाकडी झाली होती, आणि कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. दूध घ्यायचं तरी आधी त्यात काचेचं लॅक्टोमीटर बुडवायचे. दूध घालायला येणारी सरूबाई पातेलं पुढे करून गप उभी राहायची. तिच्या दुधात कधीच पाणी निघालं नाही, तरी यांची तपासणी काही थांबली नाही. मला त्या लॅक्टोमीटरचा भारी राग यायचा.

आमची गल्ली हर्सूलच्या अलीकडे, चढावर आहे. आम्ही घरं बांधली तेव्हा शेजारी ज्वारी उभी असायची. मग शहर वाढत वाढत आमच्या पुढे निघून गेलं. ज्वारीच्या जागी प्लॉट पडले, प्लॉटवर घरं आली, घरांवर मजले चढले, पण जमिनीतला पाण्याचा पाइप मात्र होता तेवढाच बारीक राहिला. तो खालच्या रस्त्यावरून निघतो आणि चढ चढत गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मुळ्यांचं घर सगळ्यात खाली, माझं मधे, आणि सरूबाईचं सगळ्यात वर, शेवटचं. सरूबाई मूळची लासूर स्टेशनकडची. तिचा नवरा सांडू एका नव्या इमारतीच्या बांधकामावर राखणदार होता. गावाकडची शेती दिराच्या हवाली करून दोघं इथं आली, ती एक म्हैस बरोबर घेऊनच.

मी सांगते आहे ते २०१३ च्या उन्हाळ्याचं. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. हर्सूलच्या तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. नळ काही दिवसांआड यायचा, आणि नळ आला की गल्लीभर मोटारी सुरू व्हायच्या. नळाला थेट मोटार लावायची नसते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या नळाला मोटार होती. माझ्याही होती. त्यात त्या उन्हाळ्यात आमच्या भागाचं भारनियमन नेमकं पाणी सुटण्याच्या वेळेवर येऊन बसलं. इकडे नळाला पाणी, तिकडे लाइट गुल. ज्यांच्या अंगणात हौद होते त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. बारीक धार हौदात पडत राहायची, लाइट आली की पाणी वर चढवता यायचं. मुळ्यांच्या अंगणात मात्र पाया खणतानाच खडक लागला होता, त्यामुळे हौद नव्हता. खालचा मजला भाड्यानं दिलेला, ही दोघं नवरा-बायको वरच्या मजल्यावर. मोटारीशिवाय त्यांच्या टाकीत थेंबही जायचा नाही.

श्रीनिवासरावांच्या बायकोच्या, दमयंतीबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टरांनी ओझं घेऊन जिना चढायला सक्त मनाई केली होती. मग श्रीनिवासराव स्वतः बादल्या वाहू लागले, आणि एके दिवशी बादलीसकट जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण स्वराली पुण्याहून तडक निघून आली. वडिलांच्या कमरेचा शेक चालू असतानाच तिनं सांगितलं की, घरात पाणी चढत नसेल तर तुम्ही दोघं माझ्याकडे या, हे घर बंद करू. मंदारनंही मनापासून आग्रह केला. दमयंतीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे निम्मा होकार, हे गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं.

त्या घराची एकेक वीट श्रीनिवासरावांनी बोटानं वाजवून लावून घेतली होती. दाराची बिजागरं बदलायची झाली तरी ते सुताराशेजारी पाट टाकून बसायचे. लेकीच्या बाराव्या मजल्यावर सगळं आयतं, सगळं चोवीस तास. तिथं आपण करायचं काय, असं त्यांनी मला एकदा फाटकाशी उभं राहून विचारलं होतं. मला तेव्हा त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं. त्यांनी लेकीकडून पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आणि जनरेटर घ्यायचं ठरवलं.

क्रांती चौकातल्या दुकानदाराला काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. त्यानं पेट्रोलवर चालणारा एक सुटसुटीत जनरेटर चालू करून दाखवला, त्यावर दिवा लावला, पंखा लावला. श्रीनिवासराव म्हणाले, दिवा कशावरही लागतो. दुसऱ्या दिवशी ते रिक्षातून आपली पाण्याची मोटारच घेऊन हजर झाले. मोटार सुरू होताना एकदम जोर मागते, तो जोर या यंत्राला झेपतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पहिला जनरेटर घुसमटून बंद पडला. दुसऱ्यानं मोटार सुरू केली पण दिवा मिणमिणला. तिसऱ्यावर मोटार गुरगुरत फिरली तेव्हा भर रस्त्यावर बघ्यांची गर्दी झाली होती. दुकानदारानं म्हणे कोपरापासून हात जोडले.

दोरी ओढून चालू करायचं यंत्र दमयंतीबाईंना जमणार नव्हतं, म्हणून बटणाचं घेतलं. ते बटण वायर ओढून वर स्वयंपाकघरात नेलं, म्हणजे त्यांना जिना उतरायला नको. जनरेटर अंगणात कुठं ठेवायचा यासाठी ते उदबत्ती पेटवून प्रत्येक कोपऱ्यात उभे राहिले. धूर कुठल्या कोपऱ्यातून वरच्या खिडकीत जातो आणि कुठून रस्त्याकडे निघतो, ते सकाळ-दुपार-संध्याकाळ पाहिलं. मग आवाजाची परीक्षा. खिडक्या लावून, खिडक्या उघडून, भाडेकरूच्या खोलीत बसून, माझ्या ओट्यावर उभं राहून. त्यांच्या अंगात कमरेचं दुखणं होतं हे कुणाला सांगून पटलं नसतं. दमयंतीबाई मला म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांपेक्षा त्या यंत्राची सेवा जास्त चालली आहे. पण म्हणताना हसत होत्या.

नळाच्या दिवशी लाइट गेली, नळाला पाणी आलं, दमयंतीबाईंनी वरून बटण दाबलं आणि जनरेटर धडधडला. सगळी गल्ली मुकी असताना मुळ्यांची एकटी मोटार चालू. टाकी भरून वाहिली. श्रीनिवासराव गच्चीवर टाकीच्या झाकणाशी उभे होते आणि पाणी पडल्याचा आवाज ऐकत होते. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि तो फोन टाकीत धरला. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले. दमयंतीबाईंनी किती तरी दिवसांनी चादरी धुवायला काढल्या.

पुढचे काही नळ असेच गेले. पुण्याचं नाव निघेनासं झालं. मग एका सकाळी सरूबाई नेहमीच्या निम्मं दूध घेऊन आली. श्रीनिवासरावांनी लॅक्टोमीटर बुडवलं, तर दूध नेहमीपेक्षाही घट्ट. त्यांना काही सुधरेना. विचारलं तेव्हा ती म्हणाली, म्हशीला पाणी कमी पडतंय, तिनं दूध चोरलं. वर नळाला पाणीच नाही. श्रीनिवासरावांना हे पटलं नाही. नळ तर व्यवस्थित येतोय, आपली टाकी तर वाहते. त्यांनी निदान करून टाकलं की तिच्या पाइपात गाळ बसला असणार. दमयंतीबाईंनी तिला दोन हंडे पाणी भरून दिलं. सरूबाई ते घ्यायला तयार नव्हती. घेतलं तेव्हा तिनं मान वर केली नाही. मी तिथंच होते आणि मला ते खटकलं, पण का ते कळलं नाही.

शेजारधर्म म्हणून म्हणा, खोड म्हणून म्हणा, पुढच्या नळाला श्रीनिवासराव पाना, तार आणि टॉर्च घेऊन चढ चढायला निघाले. साक्षीला मला बरोबर घेतलं. इतक्या वर्षांत ते गल्लीच्या टोकाला गेले नव्हते. तिथं त्यांचं काही काम पडलं नव्हतं. निघताना दमयंतीबाईंना सांगून ठेवलं की, मी वर असलो तरी खाली नळाची धार नीट लागली की तू आपलं बटण दाब.

सरूबाईच्या अंगणात नळ जमिनीपासून वीतभरच वर होता. त्याच्याखाली तिनं खड्डा करून हंडा बसवला होता. म्हैस सावलीत उभी होती आणि आमच्याकडे नाही, नळाकडे बघत होती. लाइट गेलेलीच होती. थोड्या वेळानं नळातून हवेचा फुसकारा आला, मग थेंब, मग करंगळीएवढी धार. धार बारीक होती पण सरळ पडत होती. श्रीनिवासरावांनी उकिडवं बसून ती बोटावर घेतली, पाइप वाजवला, कान लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बघा बाई, पाइपात काहीएक दोष नाही.

तेवढ्यात खालून धडधड ऐकू आली. श्रीनिवासरावांचा चेहरा उजळला. दुसऱ्या बाळांच्या रडण्यातून आई आपल्या बाळाचं रडणं ओळखते, तसं त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, आपलाच. इथवर ऐकू येतो हे मी तपासलं नव्हतं.

आणि धार बारीक झाली. आधी वळली, मग तुटली, मग थेंब झाले, मग थेंबही नाही. हंड्याचा तळही झाकला गेला नव्हता. श्रीनिवासरावांनी नळाची चावी पुरती उघडली. काही नाही. नळातून कसलासा बारीक सूं सूं आवाज येत होता. त्यांनी सवयीनं नळाच्या तोंडाला तळहात लावला, आणि तो तिथंच राहिला. नळ त्यांचा हात आत ओढत होता. मला त्यांनी बोलावलं. मीही हात लावून पाहिला. कातडी आत खेचली जात होती. मी हात काढून घेतला, मला ते सहन झालं नाही.

खाली जनरेटर छान, एका लयीत चालला होता. शेवटी श्रीनिवासरावांनी उकिडव्यानंच सरूबाईकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," सरूबाई म्हणाली. "लाइट असली की समद्यांच्या मोटारी वढत्यात, वर काय येत नाय. औंदा लाइट जाया लागली तवा कुठं आमचा नळ चालू झाला. आता तुमचं मशीन वाजलं की बंद पडतो."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू काका? काकूंच्या पायाचं लई दुखणं. घर सोडून पोरीकडं जायाची पाळी आल्ती तुमच्यावर. म्हणलं, ऱ्हाऊ द्या त्यास्नी."

आम्ही सगळे भारनियमनाच्या नावानं बोटं मोडत होतो आणि गल्लीच्या टोकाला एक बाई लाइट जायची वाट बघत होती. मी गल्लीची शहाणी बाई, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला तिचा रागही आला. इतकं सोसून गप्प राहणाऱ्या माणसाचा राग येतोच, कारण तो आपल्याला कुठंच तोंड लपवू देत नाही.

श्रीनिवासराव उठले. पाना, तार, टॉर्च तिथंच राहिलं. त्या चढावरून ते इतक्या झपाट्यानं उतरले की मला त्यांच्या कमरेची भीती वाटली. फाटक ढकलून त्यांनी जनरेटर बंद केला. वरून दमयंतीबाईंनी विचारलं, काय झालं, पेट्रोल संपलं का. ते जिना चढून वर गेले आणि त्यांनी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. मी मागोमाग पोचले तेव्हा दमयंतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. गॅलरीत धुतलेल्या चादरी वाळत होत्या.

"म्हणजे म्हशीच्या तोंडचं पाणी मी चादरी खळबळायला घातलं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या घरात पुन्हा पुण्याचा विषय निघाला. श्रीनिवासरावांनीच काढला. जनरेटर विकून टाकू म्हणाले, आणि कुणाला विकायचा म्हटलं तर तो माणूसही हेच करणार, म्हणून विकायचाही नाही म्हणाले. दोन दिवस ते कुठलीच वस्तू न तपासता बसून राहिले. दूध आलं तर लॅक्टोमीटर कपाटातच. तिसऱ्या दिवशी दमयंतीबाईंनी मला चहाला बोलावलं आणि माझ्यासमोर नवऱ्याला सरळ विचारलं, "अहो, जगातलं सगळं तपासलंत. कमी पाण्यात आपल्या दोघांचं भागतं का, हे कधी तपासलंत?"

श्रीनिवासराव उठले आणि जिन्याखालची जागा वितीनं मोजायला गेले.

जिन्याखाली मावेल एवढं एक टिपाड, म्हणजे मोठं पिंप, आणलं. प्लंबरला बोलावून मोटारीचा नळाशी असलेला जोड तोडून टाकला. आता नळाची धार आपल्या जोरानं टिपाडात पडणार, टिपाड भरलं की मोटार ते वर टाकीत नेणार, मग पुन्हा टिपाड भरणार. मोटारीनं पाइपाला तोंड लावायचं नाही. गल्लीत याची टिंगल झाली. जनरेटर आणून मुळे पुन्हा टिपाडावर आले, असं लोक म्हणाले. श्रीनिवासरावांनी प्रत्येक घरी जाऊन हेच करा म्हणून सांगून पाहिलं. लोकांनी चहा पाजून वाटेला लावलं. मी माझा जोड तोडला, आणखी एका घरानं तोडला, तेवढंच. लाइट असेल त्या दिवशी वरचा नळ कोरडाच राहायचा. एका माणसानं गल्ली बदलत नाही, आणि तसं झालं असं मी सांगणारही नाही.

मुळ्यांची टाकी आता अर्धीच भरायची. त्या उन्हाळ्यात त्यांनी कूलर लावला नाही. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी संडासला. दमयंतीबाईंनी चादरी महिन्यावर नेल्या. स्वराली फोनवर रागवायची, आणि श्रीनिवासराव तिला अर्ध्या टाकीत काय काय बसतं ते ऐकवायचे. पावसाळ्याची मुदत आली तेव्हा तिनं पुन्हा विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. टिपाड बसवल्यावरच्या पहिल्या नळाला श्रीनिवासराव घरी थांबलेच नाहीत. आपलं पाणी चढतं का, हे पाहायचं काम त्यांनी बायकोवर सोडलं आणि ते पुन्हा चढ चढून सरूबाईच्या अंगणात गेले. मी गेलेच. म्हैस होती तिथंच होती. लाइट गेली. फुसकारा, थेंब, मग धार. श्रीनिवासराव उकिडवे बसून खालच्या दिशेला कान लावून होते. खाली धडधड सुरू झाली तशी सरूबाईनं सवयीनं हंडा बाजूला ओढला.

धार थरथरली, थोडी बारीक झाली आणि पडत राहिली. श्रीनिवासरावांना ते बघून पटलं नाही. त्यांनी पुढे होऊन नळाच्या तोंडावर तळहात दाबून धरला. या वेळी नळ हात ओढत नव्हता, ढकलत होता. पाणी त्यांच्या बोटांच्या फटींतून उडालं, बाहीत गेलं, विजारीवर सांडलं. खाली जनरेटर चालू, आणि हे हात दाबून बसलेले. जोर कमी होतो का बघत होते, पण जोर काही कमी होत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड म्हशीकडे केलं होतं.

बराच वेळ झाला. शेवटी सरूबाईनं हंडा पुन्हा नळाखाली सरकवला आणि म्हणाली, "काका, हात काढा आता. भरू द्या."